छिद्रदर्शिका, लिव्हर रायफलीची

छिद्रदर्शिका : नेम धरताना ज्या लहान वर्तुळाकार छिद्रातून पाहून नळीच्या टोकावरील माशी लक्ष्यावर आणतात, ती रायफलीच्या मागील भागावर बसविलेली दर्शिका. बंदूकधाऱ्यांत ती ‘पीप साइट’ या नावाने परिचित आहे. चाप-रक्षकास जोडलेली तरफ खाली-वर करून काडतूस भरण्याची व्यवस्था असलेल्या शिकारी रायफलींवर, म्हणजे लिव्हर रायफलींवर, तिचा वापर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होत आला आहे. कनेक्टिकट राज्यातील विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये अशा दर्शिकेचे पेटंट घेतले. छिद्र मोठे व त्याची कड पातळ ठेवल्यास नेम चटकन धरता येतो, हे त्यांच्या रचनेचे वैशिष्ट्य होते.

लिव्हर रायफलींपैकी विंचेस्टर कंपनीचा १८९४ चा नमुना सर्वाधिक प्रसिद्ध असून त्याचा आराखडा जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी केला. त्याच्या ७० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. या नमुन्यासाठी १८९५ मध्ये आलेले ‘थर्टी-थर्टी’ काडतूस पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या जंगलातील शिकारीसाठी आजही वापरले जाते. या काडतुसाचा व्यावहारिक पल्ला सामान्यतः सु. १५० मी. मानतात. तेवढ्या अंतरासाठी दुर्बिणीची गरज नसते, मात्र नेम धरण्याचे साधन निर्दोष असावे लागते.

कार्यतत्त्व : खाचेच्या साध्या दर्शिकेत खाच, माशी व लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर केंद्रित होऊ शकते. चाळिशीनंतर जवळचे केंद्रीकरण मंदावते व नळीवरील खाच धूसर दिसू लागते. अनेक अनुभवी शिकाऱ्यांचा नेम या वयात बिघडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. छिद्रदर्शिकेत छिद्राकडे लक्ष देण्याचे कारण उरत नाही. छिद्राच्या मध्यभागी प्रकाश व स्पष्टता सर्वाधिक असल्याने डोळा माशीला आपोआप मध्यावर आणतो. त्यामुळे नेमबाजाने केवळ माशी स्पष्ट पाहावी व ती लक्ष्यावर ठेवावी. शिवाय छिद्र डोळ्याच्या बाहुलीपेक्षा लहान असल्यास डोळ्यात शिरणारी प्रकाशशलाका अरुंद होते व माशी आणि लक्ष्य ही दोन्ही पुरेशी स्पष्ट दिसतात.

दुसरा लाभ अंतराचा आहे. मागील दर्शिका व माशी यांमधील अंतर जितके अधिक, तितकी जुळणीतील चूक कमी परिणाम करते. हे अंतर ४० सेंमी. असताना जुळणीत अर्धा मिमी. चूक झाल्यास १०० मी. वर गोळी १२·५ सेंमी. बाजूस जाते, अंतर ६० सेंमी. असल्यास तीच चूक सु. ८·३ सेंमी. एवढी राहते. हरणाच्या छातीतील मर्मभागाचा व्यास सु. २० सेंमी. धरतात, म्हणजे मध्यापासून १० सेंमी. एवढीच मुभा असते. पहिल्या उदाहरणातील गोळी मर्मभागाबाहेर, तर दुसऱ्यातील आत लागते. जखमी होऊन झाडीत निघून जाणारे जनावर यातनांनी मरते व शिकाऱ्याच्याही हाती लागत नाही. म्हणून दर्शिकेच्या निवडीचा प्रश्न केवळ सोयीचा नसून जबाबदारीचाही आहे.

छिद्राचा आकार : छिद्राच्या व्यासावर अचूकता व प्रकाश ही दोन्ही अवलंबून असतात. कागदी लक्ष्यावरील नेमबाजीत सु. १ मिमी. व्यासाचे छिद्र चालते. शिकारीत पहाटे व संध्याकाळी प्रकाश मंद असतो. १ मिमी. छिद्राच्या तुलनेत ३ मिमी. छिद्रातून नऊपट प्रकाश येतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शिकारीसाठी सामान्यतः २·५ ते ३ मिमी. व्यासाची तबकडी निवडतात. दाट झाडीत, जवळच्या व हलत्या जनावरासाठी सु. ५ मिमी. किंवा त्याहून मोठे, पातळ कडेचे छिद्र सोयीचे ठरते. त्याची कड नजरेसमोर अंधुक होऊन जाते, म्हणून त्यास ‘घोस्ट रिंग’ म्हणतात. छिद्र मोठे केल्याने लक्षात येण्याजोगी चूक वाढेल ही नवशिक्यांची भीती बहुतांशी अनाठायी असते. डोळा मोठ्या छिद्राचाही मध्य बराच अचूक शोधतो. तथापि बाहुलीपेक्षा मोठ्या छिद्रापासून दृष्टी स्पष्ट होण्याचा लाभ मात्र मिळत नाही. अनेक दर्शिकांची तबकडी आट्यांची असते. दिवसा ती ठेवावी व संधिप्रकाशात काढून मोठ्या कड्यातून पाहावे.

बसविण्याची जागा : छिद्रदर्शिका मुख्यतः दोन ठिकाणी बसवितात. (१) दस्त्याच्या मनगटावरील धातूच्या पट्टीवर बसविलेली उभ्या दांडीची दर्शिका डोळ्याच्या सर्वांत जवळ असते. माशीपासूनचे अंतर अधिक मिळते व छिद्र लहान असूनही दृष्टिक्षेत्र मोठे राहते. परंतु गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने ती डोळ्यास लागण्याचा धोका असतो, घोडा ओढताना अंगठ्याच्या आड येते आणि मागे सरकणाऱ्या बोल्टास ती अडणार नाही हे पाहावे लागते. जोरदार काडतुसांच्या रायफलीवर ती टाळावी. (२) रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणेच्या धातूच्या पेटीवर, बसविलेली दर्शिका डोळ्यापासून अधिक दूर व सुरक्षित असते. रोजच्या शिकारीसाठी बहुतेकांस हीच योग्य होय.

रायफलीची घडण येथे निर्णायक ठरते. जुन्या विंचेस्टर १८९४ मधून रिकामे काडतूस सरळ वर फेकले जाते. त्यामुळे पेटीच्या वर दुर्बीण बसविणे गैरसोयीचे असून दर्शिकाही पेटीच्या डाव्या बाजूस लावावी लागते. १९८० च्या दशकात या नमुन्यात काडतूस तिरपे बाहेर फेकण्याची सुधारणा झाली. मार्लिन कंपनीच्या १९४८ च्या ३३६ नमुन्याची पेटी वरून बंद असून काडतूस बाजूने निघते. तिच्यावर वरून वा बाजूने, दोन्ही प्रकारे दर्शिका बसते. जुन्या रायफलीत स्क्रूसाठी छिद्रे नसल्यास ती कुशल कारागिराकडूनच पाडून घ्यावी, कारण एकदा छिद्र पाडले की संग्राह्य वस्तू म्हणून तिचे मूल्य घटते.

माशी व समायोजन : दर्शिका बदलली की माशीचाही विचार करावा लागतो. पेटीवरील छिद्र नळीवरील खाचेपेक्षा उंच असल्याने पुष्कळदा अधिक उंच माशी लागते. माशी जितकी उंच करावी, तितकी गोळी खाली लागते. आवश्यक फरक साध्या त्रैराशिकाने मिळतो : गोळी १०० मी. वर १० सेंमी. वर लागत असेल व दोन्ही दर्शिकांतील अंतर ६० सेंमी. असेल, तर माशी ०·६ मिमी. ने उंच करावी. मागील दर्शिका मात्र गोळी ज्या दिशेला न्यायची त्याच दिशेला सरकवितात. माशीचा मणी सु. १·६ मिमी. व्यासाचा व डोळ्यापासून ८५ सेंमी. वर असल्यास तो १०० मी. वरील सु. १९ सेंमी. भाग झाकतो, त्याहून मोठा मणी शक्यतो टाळावा. गोल चकाकणाऱ्या मण्यावर एका बाजूने प्रकाश पडला की त्याचा मध्य सरकल्यासारखा भासतो, म्हणून सपाट तोंडाचा मणी बरा.

समायोजनाच्या स्क्रूंना कुलूपबंदी असावी. बाहेर आलेली बटणे झाडीत सहज फिरतात. शेवटी रायफल टेकवून ठेवून तीन-तीन गोळ्यांचे संच झाडावेत व एका वेळी एकच बदल करावा.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार, काही अपवाद वगळता, शिकारीस मनाई आहे. तथापि छिद्रदर्शिकेचे तत्त्व येथील क्रीडा नेमबाजीतही कसाला लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मी. रायफल तीन स्थिती स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तीत छिद्राच्याच दर्शिका वापरतात.