आजींचा भात

सिंगापूरला आलो त्या वर्षी चिनी नववर्षाला शेजारच्या कॅन्टनीज आजींनी ‘लाप छोंग’ची जोडी हातावर ठेवली. डुकराच्या मांसाचं हे वाळवलेलं सॉसेज. माझी जीभ गोव्याच्या आंबट-तिखट चोरिसांना सरावलेली. हे निघालं चक्क गोड!

गेल्या वर्षी आजी गेल्या. यंदा मुलाने ‘आजींचा भात’ मागितला, तेव्हा मीच चायनाटाउन गाठलं. दोऱ्याने बांधलेल्या जोड्या टांगलेल्या. लाल साध्या, काळपट कलेजीच्या. भडक लालला भुलणार, तोच आजींचं बोलणं आठवलं : रंग नव्हे, चरबी बघ. ती पांढरी हवी, पिवळट नको. सॉसेज हाताला घट्ट लागावं, खवट वास नसावा.

‘लाप’ म्हणजे चिनी पंचांगाचा बारावा महिना. त्या कोरड्या थंडीत मांस वाळवायची ही जुनी रीत. साखर, सोया सॉस, मद्य लावलेलं असलं, तरी ते कच्चंच. शिजवल्याशिवाय खायचं नाही. भाताचं पाणी आटत आलं की वर ठेवायचं आणि झाकण घालायचं. सुटलेली चरबी भातात मुरते.

पहिला घास घेऊन मुलगा म्हणाला, “आजींचा जास्त छान व्हायचा.”

खरंच व्हायचा. पण त्याने पुन्हा भात मागून घेतला.