शुगरच्या रिपोर्टमागचे किस्से

डॉ. श्रीकांत जिचकारांची इन्सुलिनची मांडणी, ती घरोघरी पोचवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवसातून दोनच जेवणे, प्रत्येकाला 55 मिनिटे, आणि सुरुवातीला फास्टिंग इन्सुलिन व एचबीएवनसीची तपासणी, हे सगळे आता शेजारच्या आत्यांनाही पाठ आहे. ही लाट बऱ्हाणपुरात आली तेव्हा लॅबच्या काउंटरमागून जे दिसले, ते मात्र कुठल्याच व्याख्यानात सांगत नाहीत.

राजघाटावर सकाळी फिरणाऱ्यांत तेव्हा दोन तट पडले होते. एक दीक्षितांचा, दुसरा दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांचा. एकमत व्हायचे ते फक्त तापीच्या पाण्यावर आणि पालिकेवर. एका रविवारी दीक्षित गटाचे पुढारीच मावा जिलेबीच्या दुकानात सापडले. गृहस्थ जराही डगमगले नाहीत. घड्याळ दाखवून म्हणाले, "जेवण चालू आहे. अजून 20 मिनिटं बाकी आहेत!" मधुमेह्यांनी गोड टाळायचे, हा भाग त्यांच्यापर्यंत आलेल्या फॉरवर्डमध्ये गळला होता म्हणे.

तपासणीआधी चार दिवस कारल्याचा रस पिणारे तर कायमचे गिऱ्हाईक. त्यांचा घात एचबीएवनसी करते. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर हिशेबात धरली जाते. हे कळल्यावर एका हुशार गृहस्थांनी आपल्या नावावर धाकट्या, काडीसारख्या भावाला रक्त द्यायला पाठवले. रिपोर्ट आला, तो थोरल्याच्या जुन्या आकड्यापेक्षा वाईट! धाकट्याचा मधुमेह असा चोरीत सापडला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना याचे नवल वाटले नसते. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के. संशोधनासाठी इतक्या चारचौघांत चरबी मोजून घ्यायची तयारी आपल्यातल्या किती जणांची असेल?

जिलेबीचा एक कारागीर साखर तपासणीच्या शिबिरात आला. बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, ग्लुकोमीटरने तीनशेच्या वरचा आकडा दाखवला. बायकोने तिथेच डोळ्यांना पदर लावला. एका अनुभवी सिस्टरने त्याला साबणाने हात धुवायला पाठवले आणि दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. साखर नॉर्मल. वाढली होती ती बोटावरच्या पाकाची. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः जिलेबी तोंडातही घालत नव्हता.

याच्या नेमका उलटा प्रकार नळीचा. साखरेसाठीचे रक्त राखाडी बुचाच्या, फ्लोराइडच्या नळीत घ्यायचे असते. साध्या नळीत रक्तपेशी तीच साखर खात बसतात. तासाला पाच ते सात टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एक नमुना असाच साध्या नळीतून, भर मे महिन्यात, बसने आला. रिपोर्ट इतका सुरेख निघाला की पेशंटने आनंदाने पेढे वाटले. पहिला पेढा अर्थातच स्वतः खाल्ला.

जिवावरचे बेतले ते एका काकांवर. साखर उतरवणाऱ्या गोळ्या जुन्याच मापाने चालू ठेवून त्यांनी परस्पर दोन जेवणे सुरू केली. एका सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर घामाने डबडबले, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. शुद्ध होती म्हणून बरे. चहावाल्याने पाण्यात साखर ढवळून पाजली. हा तोच चहावाला, ज्याला काका रोज ऐकवायचे, "साखर म्हणजे विष!" त्यानंतर तो चहा देताना अदबीने विचारायचा, "काका, विष किती चमचे?"

तेव्हा दोनदा जेवा नाहीतर सहादा, पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाचा क्रम बदलू नका. बोट टोचण्याआधी साबणाने हात धुवा. पीपीचे, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेच्या तपासणीचे, दोन तास पहिल्या घासापासून मोजा. आणि कृपा करून आपल्या नावावर आपलेच रक्त द्या.