ओढ्यातील कीटकांची प्राचीन वंशावळ

भाद्रपदात ओढ्याकाठी चतुर भिरभिरू लागतात, तेव्हा त्यांचे बालपण पाण्याच्या तळाशी गेले आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा शंभरावा हिस्साही गोड्या पाण्याने व्यापलेला नाही. तथापि सुमारे एक लाख कीटकजाती आयुष्याचा काही काळ तरी या पाण्यात घालवितात.

ही समृद्धी मुळापासूनची नव्हे. कीटक हा मूळचा भूचर प्राणी. हवा खेळविणाऱ्या त्याच्या श्वासनलिकाच याची साक्ष देतात. पाण्यात तो मागाहून उतरला, आणि तोही एकदाच नव्हे, तर निरनिराळ्या कुळांतून अनेकदा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींवर मेगान्यूरा हा चतुराचा आप्त उडत असे. फ्रान्समधील कोळशाच्या खाणीत त्याचे अवशेष मिळाले. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ६५ सेंटिमीटर होता. परंतु निःसंशय जलवासी असे डिंभ त्या काळच्या खडकांत विरळाच आढळतात.

पुढे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन युगाच्या अखेरीस, जीवसृष्टीचा महाविनाश झाला. सैबेरियात ज्वालामुखी उसळले, हवामान तापले, कोळशाच्या दलदली आटल्या आणि कीटकांची कित्येक जुनी कुळे नामशेष झाली. ओसाड झालेली तळी पुन्हा भरली, ती मात्र नव्या रहिवाशांनी. वायव्य चीनमधील सुमारे २३ ते २४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत कॅडिसमाशीच्या अळ्यांनी विणलेली घरकुले आणि पाण्यातील ढेकूणवर्गीय कीटक सापडल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. अळी, कोश व प्रौढ अशा अवस्थांतून जाणाऱ्या कीटकांचे राज्य याच सुमारास सुरू झाले.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले. कीटकांची बहुतेक कुळे मात्र तरली. फ्रान्समधील ओव्हर्न्य प्रांतात तर चिमुकल्या शंखांनी मढविलेल्या कॅडिस-घरकुलांपासून चुनखडीचे थरच्या थर बनले आहेत.

एवढ्या प्रलयांतून तरलेले हे कीटक सांडपाण्यापुढे मात्र हतबल ठरतात. ओढा नासू लागला की कॅडिसमाश्यांच्या अनेक जाती आणि अल्पायुषी मेमाश्या आधी दिसेनाशा होतात. म्हणूनच पाण्याची पारख करताना शास्त्रज्ञ प्रथम त्यांचा शोध घेतात. महाविनाशानंतर तळी गजबजायला एक कोटीहून अधिक वर्षे लागली. ओढा नासायला मात्र एक पिढीही पुरते.