माळ्यावरचा रोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला, की जुन्या ट्रंकेतून एखादा कॅमेरा हमखास निघतो. चामड्याचं कव्हर तडकलेलं, पट्टा तुटलेला. कुणी म्हणतं भंगारात द्या, कुणी म्हणतं शोकेसमध्ये ठेवू. आणि या चर्चेत घरातलं एखादं उत्साही माणूस खटकन त्याचं मागचं झाकण उघडतं. मंडळी, आजच्या गप्पांतली माझी पहिली विनंती हीच आहे : ते झाकण उघडू नका. आत रोल असू शकतो.

हे मी अनुभवानं सांगतो. माझे थोरले काका गेल्यावर त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला आणि मी तो दिवसाउजेडी उघडला. आत रोल होता. लगेच झाकण लावलं, पण उशीर झाला होता. गुंडाळलेल्या फिल्मचे बाहेरचे वेढे, म्हणजे काकांनी शेवटी काढलेले फोटो, उजेडानं खाल्ले. आतल्या वेढ्यांतले सुरुवातीचे चार फोटो तेवढे वाचले. त्यातल्या एकात आजी अंगणात सुपात तांदूळ निवडते आहे. तिचा तसा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. उरलेल्या फोटोंत काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

आत रोल आहे की नाही, हे न उघडता कसं ओळखायचं? नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला डाव्या हाताला रोल मागे गुंडाळायची चावी असते. ती बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा. ताण जाणवला तर आत रोल आहे. मग कॅमेऱ्याच्या तळाचं बारीक बटण दाबून चावी फिरवत राहायची. ती एकदम सैल पडली, की रोल आपल्या डबीत परत गेला. बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांना पाठीमागे बहुधा छोटी काच असते, तिच्यातून डबी दिसते. आपल्याकडे घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्यात प्रकार उलटा. त्यात रोल मागे न्यायचा नसतो, पुढेच गुंडाळत शेवटापर्यंत न्यायचा असतो. पाठीवरच्या लाल खिडकीत आकडे सरकताना दिसतात. आणि काहीच कळेना, तर झाकण पूर्ण अंधारात उघडून बोटांनी चाचपावं.

रोल हाती आला. आता तो धुवायचा कुठे? पूर्वी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत टाकला की दोन दिवसांत फोटो मिळायचे. आता फिल्म धुणारी दुकानं मोठ्या शहरांतही शोधावी लागतात, आणि जुन्या रोलची जोखीम सगळेच घेतात असं नाही. पण हे काम घरी करता येतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा फिल्मच्या कडेची भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं घरातच चालायची आणि सरस्वतीबाई फाळके त्यांत तरबेज झाल्या होत्या. आपल्याला तर फक्त एक रोल धुवायचा आहे.

अट एकच : हात बसल्याशिवाय त्या रोलला हात लावायचा नाही. तो एकदाच धुता येतो. म्हणून आधी दोन धडे गिरवू. दोन्ही स्वस्त आहेत आणि खरं सांगायचं तर मजेचे आहेत.

पहिला धडा डब्याचा. शाळेत 'सूचिछिद्र कॅमेरा' या भारदस्त नावानं भेटलेला हा कॅमेरा आपण करून पाहायचा. घट्ट झाकणाचा, साधारण दहा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. आतून त्याला फळ्याला लावतात तसला, न चमकणारा काळा रंग द्या. डब्याच्या बाजूला मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पाडा. आता शीतपेयाच्या कॅनचा तुकडा कापून त्यावर बारीक सुईचं टोक दाबा, पलीकडे आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा दाबा. ०.४ मिलिमीटरचं, स्वच्छ कडांचं गोल छिद्र हवं. पट्टीच्या खुणांशी ठेवून भिंगातून पाहिलं की अंदाज येतो. हा तुकडा काळ्या चिकटपट्टीनं आतून बसवा आणि बाहेरून पट्टीचाच पडदा लावा. तोच आपला शटर.

आत फिल्मऐवजी कृष्णधवल फोटोचा कागद लावायचा. तो लाल दिव्यात हाताळता येतो, म्हणून शिकायला बरा. छिद्राच्या समोरच्या भिंतीला, चकचकीत बाजू छिद्राकडे करून तो बसवा. आता हिशेब. छिद्र ०.४ मिलिमीटर आणि कागद १०० मिलिमीटर दूर, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत एफ २५०. फोटोग्राफरांचा जुना नियम असा, की लख्ख उन्हात एफ १६ ला फिल्मच्या वेगाचा आकडा हाच सेकंदाचा छेद. कागदाचा वेग ६ धरला, तर एफ १६ ला एक षष्ठांश सेकंद. एफ २५० ला प्रकाश सुमारे २४४ पट कमी मिळतो, म्हणून वेळ तेवढ्या पट वाढवायची. उत्तर येतं सुमारे ४० सेकंद. डबा हलू नये म्हणून वर दगड ठेवा, पडदा उघडा आणि आकडे मोजा.

या चाळीस सेकंदांत गमती घडतात. भर रस्त्यावरून चालणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत, कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं मात्र स्पष्ट येतं. कागद डब्यात वाकलेला असल्यामुळे समोरची सरळ भिंतही कमानीसारखी वाकते. एकाऐवजी तीन छिद्रं पाडली, तर एकाच कागदावर तीन दृश्यं एकमेकांत मिसळतात. एक प्रयोग तर धुलाईशिवायचा आहे. कागद भरलेला डबा २२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून गच्चीच्या कठड्याला पक्का बांधा आणि पडदा उघडून पाऊस सुरू होण्याआधी, जूनच्या आरंभी काढा. सूर्याच्या रोजच्या वाटा कागदावर एकाखाली एक उमटलेल्या दिसतात. हा कागद धुवायचा नाही. मंद उजेडात लगेच स्कॅन करून घ्यायचा. एरवी डब्यातून निघतो तो उलटा, काळ्याचा पांढरा झालेला फोटो. तो मोबाइलवर किंवा संगणकावर सुलटा करता येतो.

दुसरा धडा धुण्याचा, आणि तो चक्क कॉफीनं. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत १९९५ साली विद्यार्थ्यांच्या वर्गात हा प्रयोग झाला आणि पुढे जगभरच्या हौशी लोकांनी तो उचलला. एक लिटर पाण्यात ५४ ग्रॅम कोरड्या भुकटीचा धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम शुद्ध क जीवनसत्त्वाची पावडर आणि ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, याच क्रमानं, एकेक पूर्ण विरघळवत घालायची. खाण्याचा सोडा चालत नाही. सोडा ओलसर खड्यांचा असेल, तर त्यात पाणी धरलेलं असतं, म्हणून तो पावणेतीनपट घ्यावा. कॉफी शक्यतो चिकोरी नसलेली. कॉफीतली आम्लं आणि क जीवनसत्त्व उजेड लागलेल्या कणांची चांदी करतात आणि सोडा त्यांना ती ताकद देतो. वास मात्र कॉफीचा राहत नाही. घरच्यांना आधी कल्पना द्या आणि भांडी कायमची वेगळी ठेवा.

न्हाणीघर ही आपली अंधारखोली. रात्री दिवा मालवून पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की फटी दिसू लागतात, त्या बुजवा. लाल दिव्यात कागद या द्रावणात तीन-चार मिनिटांत उमटतो. मग साधं पाणी आणि नंतर हायपो, म्हणजे लिटरमागे २५० ग्रॅम खडे. हायपोत दहा मिनिटं आणि शेवटी भरपूर पाणी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते. तो विहिरीच्या कडेला, झाडांना किंवा गटारात ओतू नका. कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्यांकडे द्या.

आता मूळ रोल. फिल्मला लाल दिवाही चालत नाही, मिट्ट काळोख लागतो. काळोखात ती टाकीच्या चक्रीवर चढवायची आणि टाकीचं झाकण लावलं की दिवा लावायला हरकत नाही. अडचण त्या चढवण्याचीच असते. म्हणून एक वाया गेलेला रोल घेऊन ती आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात, निदान दहा वेळा चढवून पाहा. नंतर मुदत संपलेला एखादा रोल स्वतः फोटो काढून धुवा. २० अंशांना पंधरा मिनिटं. पहिलं अर्धं मिनिट सतत आणि पुढे दर मिनिटाला तीनदा टाकी उलटीसुलटी करायची. आपल्याकडे नळाचं पाणी बहुतेक वर्षभर याहून गरम असतं, म्हणून द्रावणाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा, बर्फ द्रावणात टाकू नका. नाहीतर हे काम थंडीवर ढकला.

खऱ्या रोलच्या दिवशी आधी एक परीक्षा. रोलच्या तोंडाशी फोटो नसलेली एक जीभ असते. तिचा तुकडा कापून उजेडातच द्रावणात टाका. तो काळा झाला, तर द्रावण जिवंत आहे. दुसरा तुकडा हायपोत टाका आणि तो पारदर्शक व्हायला लागणारा वेळ मोजा. त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवायचा. या दोन मिनिटांच्या परीक्षेनं कितीतरी रोल वाचले असतील. जुना रंगीत रोलही या पद्धतीनं धुता येतो. निगेटिव्ह कृष्णधवल येते, पण वर्षानुवर्षं उतरलेल्या रंगांपेक्षा तीच अधिक भरवशाची असते.

आणि हे सगळं जमेपर्यंत त्या रोलचं काय करायचं? उमटलेलं पण न धुतलेलं चित्र उष्णतेनं आणि दमटपणानं दरवर्षी थोडं थोडं पुसट होत जातं. आपला पावसाळा त्याचा वैरी. म्हणून रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. डब्यावर कॅमेरा कुणाचा, साल अंदाजे कोणतं, हे लिहा. बाहेर काढाल तेव्हा डबा काही तास तसाच बंद राहू द्या, नाहीतर गार फिल्मवर दव धरेल.

काही रोल कोरे निघतील, काहींवर नुसतं धुकं असेल. पण एखाद्यावर अशी कुणीतरी व्यक्ती असेल, जिचा फोटो काढला गेला, हेच घरात कुणाला माहीत नाही. तेव्हा यंदा माळा आवराल, तेव्हा कॅमेरा हातात घ्या, चावी हलकेच फिरवून पाहा, आणि झाकण मात्र बंद ठेवा.