गोड्या पाण्यातली शिडे

हुसेनसागराच्या बांधावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्यासारख्या जुन्या हैदराबादकरांना शिडाच्या होड्या काही नवख्या नाहीत. सिकंदराबादच्या लष्करी मंडळींनी हा छंद तलावावर केव्हाच रुजवला आहे. पण कॉलेजांचे संघ गुणांचे तक्ते मांडून हा खेळ खेळतात, हे मी प्रथम पाहिले ते २०२२ च्या सप्टेंबरात. आणि तेही समुद्रापासून शेकडो कोस दूर, अमेरिकेतल्या मॅडिसन गावच्या मेंडोटा सरोवरावर.

पुतण्या तिथे असतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, त्याच राज्याच्या उत्तरेकडच्या एका लहानशा कॉलेजात शिकत होती. शर्यतीसाठी ती आणि तिचे सोबती भल्या पहाटे निघून भाड्याच्या गाडीने आले होते. गाडी हाकणारा विद्यार्थी, फाटले शीड शिवणारी विद्यार्थिनी, आणि खर्चाची वही आमच्या नातीकडे.

"आणि तुमचे मास्तर कुठे आहेत?" मी विचारले.

"मास्तर नाहीतच, आजोबा. आम्हीच एकमेकांचे मास्तर."

खेळाची रीत मोठी मजेची. एका होडीत दोघे. एक सुकाणू धरतो, दुसरा पुढचे शीड आणि होडीचा तोल सांभाळतो. प्रत्येक कॉलेजच्या दोन जोड्या वेगवेगळ्या शर्यतींत उतरतात आणि त्यांचे गुण एकत्र होतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याचे गुण कमी तो श्रेष्ठ. होड्या यजमानांच्या, आणि त्या आळीपाळीने बदलायच्या, म्हणजे हरल्यावर होडीला दोष देण्याची सोय नाही. (आमच्या हौशी नाटक मंडळीत पेटीवाला असा फिरता ठेवला असता तर पुष्कळ भांडणे वाचली असती!)

अडचण पैशाची असेल, असे मला वाटले होते. ती होतीच. पण खरे दुखणे निराळे निघाले. पूर्वेला बोस्टनच्या चार्ल्स नदीवर हार्वर्ड, एमआयटी आणि बोस्टन विद्यापीठ ही तिन्ही शीड उभारतात. एमआयटीने १९३६ सालीच नदीकाठी नौकागृह बांधले. तिथल्या मुलाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी शोधायला शहराबाहेर जावे लागत नाही. शिवाय पुष्कळजण शाळेपासून शर्यती खेळून आलेले. आमच्या नातीच्या संघातल्या निम्म्यांनी कॉलेजात येईपर्यंत शिडाची दोरी हातात धरली नव्हती. त्यांचा विभाग मिनेसोटापासून ओहायोपर्यंत पसरलेला. शेजारचा संघ म्हणजे कित्येक तासांचा प्रवास.

या खेळात आरंभरेषा फार महत्त्वाची. तीन मिनिटांची मोजणी चालू असताना होड्या रेषेमागे घिरट्या घालतात. शिटी होण्याआधी कुणी रेषा ओलांडली तर त्याला परत फिरावे लागते. आठ होड्या असल्या तर जागा ऐसपैस. अठरा असल्या म्हणजे वाऱ्याच्या बाजूची होडी तुमचा वारा खाते, दुसरी खालून वर रेटते, आणि हातभर फट राखून धरावी लागते. ही दाटी अनुभवल्याशिवाय शिकता येत नाही. आणि त्यांच्याकडे दाटीच नाही!

त्या शरदात पूर्वेकडच्या एका मोठ्या शर्यतीत त्यांच्या विभागाची एक जागा रिकामी राहिली. मागितली तर मिळणार होती. पण वहीत पैसे एकाच गोष्टीपुरते होते. एकतर चौघांचा प्रवास, नाहीतर जुन्या होड्यांना नवी शिडे. संघातले बरेचजण म्हणाले, "शेवटचे येण्यासाठी इतक्या दूर कशाला जायचे? नवी शिडे तरी सगळ्यांना उपयोगी पडतील." त्यात चूक काय होती? मीही मनातून शिडांच्याच बाजूचा होतो, पण नातीला बोललो नाही. मत घेतले, आणि एका मताने ती जिंकली.

गेले, आणि अठरांत सतरावे आले. पहिल्या दिवशी तर प्रत्येक वेळी रेषेवर चेंगरून मागे पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी, एकदाच, तिने ती हातभर फट अखेरपर्यंत राखली आणि पाचवी आली. फोनवर ती फक्त त्या एका शर्यतीविषयीच बोलत होती. मी तोवर हैदराबादला परतलो होतो. इथे रात्रीचा एक वाजला होता.

शिडे मात्र आली नाहीत. त्या रागाने म्हणा, अभ्यासाच्या सबबीने म्हणा, दोघांनी हिवाळ्यात संघ सोडला. मतदानात तिच्या विरुद्ध गेलेली मुलगी राहिली, आणि जुनी शिडे तीच शिवते.

मार्चअखेर नातीचा पुन्हा फोन आला. पाच नवे विद्यार्थी आले होते. त्यांना ती कॉलेजच्या व्यायामशाळेत जमिनीवर खडूने रेषा आखून, खुर्च्यांच्या होड्या करून आरंभ शिकवत होती. खुर्च्या मुद्दाम अगदी जवळजवळ मांडल्या होत्या.

"आणि तलाव?" मी विचारले.

"अजून बर्फच आहे, आजोबा."