केळीच्या मुलखात व्हॅनिला

रावेर-सावद्याच्या माणसाला व्हॅनिला समजावून सांगायची तर केळीपासून सुरुवात करावी. पिकलेलं केळं आडवं कापलं की मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांच्या बिया व्हायच्या होत्या, पण झाल्या नाहीत. खऱ्या व्हॅनिलाच्या आईस्क्रीममध्येही असेच काळे ठिपके असतात आणि त्या मात्र खऱ्याखुऱ्या बिया असतात. एकेक बी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी, आणि एका शेंगेत अशा हजारो. तरीही व्हॅनिलाची लागवड कुणी बी पेरून करत नाही. त्या बीत अंकुराला पुरेल एवढी शिदोरीच नसते. ती विशिष्ट बुरशीच्या संगतीतच रुजते. म्हणून केळीचे जसे कंद किंवा मुनवे लावतात, तसे व्हॅनिलाच्या वेलीचे तुकडे लावतात. एका वेलीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी. जळगावच्या टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनची सगळी रोपं जशी एकाच झाडाच्या प्रती, तशीच जगातली बहुतेक लागवडीची व्हॅनिला मोजक्या वेलींच्या प्रती आहेत.

इथवर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. फळ धरायची वेळ आली की मात्र दोघींच्या वाटा अगदी उलट्या दिशांना जातात. आपली केळ निसवते आणि परागकणांवाचूनच फण्या भरत जातात. तिला ना भुंगा लागतो, ना वारा. सह्याद्रीतल्या रानकेळीचं फळ फोडलं तर आत टणक काळ्या बिया भरलेल्या सापडतात. लागवडीच्या केळीनं त्या कधीच टाकून दिल्या. व्हॅनिलाचं उलट आहे. तिच्या फुलात पराग आणि ते जिथं पोचायला हवेत ती जागा, दोन्ही अगदी शेजारी-शेजारी असतात आणि मधे एक नाजूक पातळ पडदा असतो. हा पडदा कुणीतरी उचलल्याशिवाय फळ धरत नाही. तिच्या मूळ मुलखात, मेक्सिकोत, हे काम तिथल्या मधमाश्या करतात, आणि त्याही फार क्वचित. शेकडा एखाददुसऱ्या फुलालाच तशी शेंग धरते. फूल सकाळी उमलतं, दुपारनंतर मलूल होतं आणि त्याचा कारभार तिथंच आटोपतो.

मेक्सिकोच्या आखाताकाठचे टोटोनाक लोक ही शेंग पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. पुढे अझ्टेक राजवटीत ती कोकोच्या पेयात पडू लागली. सोळाव्या शतकात स्पॅनिश तिथं पोचले आणि शेंग युरोपात गेली. पुढे वेलही गेली, काचघरांत वाढली, फुललीही. शेंग मात्र धरेना. बेल्जियममधल्या लिएज शहरात चार्ल्स मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८३६ साली हातानं परागीकरण करून शेंगा मिळवल्या. पण त्याची पद्धत मळ्यात राबवण्याजोगी नव्हती. हजारो फुलं एकेका सकाळी हाताळायची तर काहीतरी झटपट युक्ती हवी होती.

ती सापडली १८४१ साली, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर. फ्रेंचांच्या त्या बेटावर सेंत-सुझान गावाजवळ फेरेओल बेलिए-बोमाँ या मळेवाल्याकडे एडमंड नावाचा बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. आई बाळंतपणात गेलेली, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मालकाला झाडांची हौस, आणि मुलगा त्याच्या मागं-मागं बागेत फिरायचा. भोपळावर्गातल्या एका वेलीच्या नर फुलाचे पराग मादी फुलाला कसे लावायचे, हे मालकानंच त्याला दाखवलेलं. एक दिवस फेरेओलला वर्षानुवर्षं वांझ राहिलेल्या व्हॅनिलाच्या वेलीवर शेंगा लटकलेल्या दिसल्या. एडमंड म्हणाला, मी लावल्या. मालकाचा विश्वास बसेना, तेव्हा त्यानं करून दाखवलं. बांबूच्या बारीक कामटीनं पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग हळूच दाबून बसवायचे. काही सेकंदांचं काम. आज मादागास्करपासून केरळपर्यंत जिथं जिथं व्हॅनिला होते, तिथं तिथं याच युक्तीनं होते. एवढ्या वर्षांत त्यात सुधारणा करायला कुणाला फारसं काही सापडलेलं नाही.

१८४८ साली गुलामगिरी संपली आणि एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. पुढे चोरीच्या आरोपात तुरुंगही झाला. ज्याँ मिशेल क्लोद रिशार नावाच्या एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञानं ही युक्ती आपलीच असल्याचा दावा केला. फेरेओलनं मात्र पत्रं लिहून शोध एडमंडचाच असल्याचं ठामपणे मांडलं. मालकाच्या वागण्यातली ही एक गोष्ट मला आवडते. १८८० साली एडमंड वारला तेव्हा तो गरीबच होता. बेट तोवर त्याच्या युक्तीवर श्रीमंत झालं होतं. आपल्याकडे संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात क्रॉसिंग करणाऱ्या बायकांना हातानं पराग लावण्याचं हे काम समजावून सांगावं लागणार नाही. त्यांची बोटं ते रोज करतात, आणि त्यांची नावंही बियाण्याच्या पिशवीवर नसतात.

आता खरा प्रश्न. व्हॅनिला जळगाव-धुळ्यात जमेल का? पीक म्हणून, पैशासाठी, नाही. व्हॅनिलाला २० ते ३२ अंशांची ऊब, दमट हवा आणि अर्धी सावली लागते. कोकणात आणि गोव्यात नारळ-सुपारीच्या बागेत ती खुशाल चढते. फोंड्याच्या मसाल्याच्या बागांत पर्यटकांना ती कौतुकानं दाखवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो आणि दुपारच्या झळांत ओल नावालाही नसते. पण हौसेची एक वेल, घराच्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला? तिला आशा आहे, आणि त्याचं कारण वेलीच्या पानात आहे.

बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच छिद्रांतून पाणी गमावतात. व्हॅनिला दिवसा दारं मिटून बसते. रात्री, हवा निवल्यावर, ती छिद्रं उघडते, वायू आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा दारं बंद ठेवून त्याच साठ्यातून साखर बनवते. निवडुंग, अननस आणि आपल्या कुंडीतली पानफुटी यांचीही हीच रीत. या रीतीचा पहिला सुगावा भारतातच लागला होता. मद्रासकडे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीचं पान चावून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत बेचव झालेलं होतं. १८१३ साली त्यानं हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं. रात्री साठलेलं आम्ल दिवसभरात खर्ची पडतं, हे त्यामागचं कारण उलगडायला पुढे शतकाहून जास्त काळ लागला. पानफुटी घरी असेल तर उद्या पहाटे एक कोपरा चावून पाहा आणि दुपारी दुसरा. खान्देशातल्या व्हॅनिलासाठी याचा अर्थ सरळ आहे. संध्याकाळी उशिरा आणि रात्री तिच्या भोवतीची हवा ओली ठेवायची, कारण ती तेव्हाच श्वास घेते.

व्हॅनिला ही ऑर्किड आहे, आणि ऑर्किड म्हणजे दमट जंगलातलं लाडावलेलं झाड, हा समजही थोडा बाजूला ठेवावा. सातपुड्याच्या पायथ्याला, शेताच्या बांधावरच्या आंब्याच्या, बाभळीच्या फांद्यांवर रास्ना वाढते. तीही ऑर्किडच. पिवळसर-तपकिरी जाळीदार पाकळ्या, खाली निळसर-जांभळी जीभ. लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. रास्ना फक्त फांदीवर बसते आणि पांढऱ्या जाड मुळांच्या स्पंजासारख्या आवरणानं पाऊस आणि दव टिपते. व्हॅनिलाच्या पेरापेरातून निघणाऱ्या हवाई मुळांनाही तसंच आवरण असतं. रास्नेनं खान्देशाचा उन्हाळा आपलासा केला आहे. व्हॅनिलाला तो सोसवत नाही, तिच्यासाठी तो गाळून द्यावा लागतो. आणि हो, बांधावरची रास्ना घरी आणू नये. तिला तिथंच राहू द्यावी.

उन्हाळा गाळायचा कसा, हे केळीवाल्यांना शिकवायची गरज नाही. बागेच्या कडेनं शेवरी किंवा गजराज गवत लावून ते झळा अडवतातच. घरी हिरवी शेडनेट, जमिनीवर ओली वाळू किंवा विटांचे तुकडे, आणि जमलं तर एखादा फॉगर. ठिबकच्या गावात फॉगर मिळायला किती वेळ लागतो? कुंडीत आपली काळी माती मात्र अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते आणि वेलीची मुळं कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कुजलेला पाला, थोडा कोळसा, एवढं पुरे. बोअरच्या क्षारट पाण्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

तुकडा अंगठ्याएवढा जाड, आठ-दहा पेरांचा घ्यावा. आणल्यावर आठवडाभर सावलीत नुसता ठेवावा, म्हणजे कापलेलं टोक सुकतं. मग खालची तीन-चार पानं काढून ती पेरं पाल्याखाली आडवी निजवायची. कापलेलं टोक जरा वर राहू द्यायचं, नाहीतर तिथूनच कूज शिरते. आधाराला काथ्या गुंडाळलेला खांब. वेल सरळ वर चढत राहिली तर वर्षानुवर्षं फुलत नाही. म्हणून छातीएवढ्या उंचीवर आली की तिला आडव्या फांदीवरून खाली सोडायचं. हे बहुतेक हौशी माणसांना जिवावर येतं, वेल छताला लागलेली पाहण्यातच त्यांना अभिमान वाटतो. खाली लोंबणाऱ्या भागावर, थोडा ताण बसल्यावर, तिसऱ्या वर्षाच्या आसपास फुलोरा येतो.

एक सावधगिरी खास आपल्या भागासाठी. न्हाणीमागं केळ आणि अळू असतं, तिथंच ही वेलही चढवावी असा मोह होईल. तो टाळा. ज्या सीएमव्हीनं, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसनं, रावेर-यावलच्या बागा उपटायला लावल्या, तोच विषाणू व्हॅनिलालाही लागतो. मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. काकड्या आणि भोपळेही त्याचे यजमान. केळीचा मर रोग ज्या फ्युजेरियम बुरशीमुळे होतो, तिचीच एक भावंड-बुरशी व्हॅनिलाची मुळं कुजवते. एकाच झाडाच्या प्रती लावत गेलं की रोगालाही एकच कुलूप उघडावं लागतं, हे केळीनं आपल्याला शिकवलेलंच आहे.

फुलोऱ्यात पंधरा-वीस कळ्या असतात आणि त्या रोज एक-दोन अशा उमलतात. फिकट हिरवट-पिवळं फूल, ऑर्किडच्या मानानं साधंच. ते दिसलं की चहा नंतर. बाभळीचा काटा घ्यावा, फुलाची जीभ बाजूला करावी, पडदा वर उचलावा आणि अंगठ्यानं पराग खाली दाबावेत. जमलं की नाही ते एक-दोन दिवसांत कळतं. चुकलं तर फूल गळतं. जमलं तर ते वाळून टोकाला लटकत राहतं आणि मागचा हिरवा दांडा लांबू लागतो. एका फुलोऱ्यावर आठ-दहा शेंगाच धराव्यात. जास्त धरल्या तर वेल थकते. शेंग पक्व व्हायला नऊ महिने लागतात.

आणि या हिरव्या शेंगेला कसलाही वास नसतो. सुगंधाचा रेणू, व्हॅनिलिन, तिच्यात साखरेच्या एका रेणूला जखडलेला असतो. ती गाठ सुटल्याशिवाय तो बाहेर येत नाही. जर्मनीत फेर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी १८७४ साली देवदारवर्गीय झाडांच्या रसातल्या एका पदार्थापासून हाच रेणू कृत्रिमरीत्या बनवला. तेव्हापासून आपल्या कस्टर्डात आणि गाड्यावरच्या आईस्क्रीममध्ये जवळपास नेहमी कारखान्यातलं व्हॅनिलिनच असतं. त्यात काही वाईट नाही. रेणू तोच. पण शेंगेत त्याच्या सोबतीला इतर शेकडो सुवासिक घटक असतात, ते बाटलीत नसतात.

खऱ्या शेंगेचा भाव मात्र वादळावर चालतो. २००० साली मादागास्करला हुदा चक्रीवादळानं झोडपलं आणि पुढच्या तीन वर्षांत भाव आकाशाला भिडले. केरळ-कर्नाटकात लोकांनी घाईघाईनं वेली लावल्या, रात्री बागांवर पहारे बसले, आणि २००४-०५मध्ये भाव कोसळला. मादागास्करात शेतकरी हिरव्या शेंगेवर टाचणीनं आपली खूण टोचतात, म्हणजे चोरलेली शेंग बाजारात ओळखू येते.

राहिली ती व्हॅनिलिनची साखरेशी असलेली गाठ सोडवायची कृती, आणि इथं खान्देश कोकणाच्या पुढं जातो. पक्व शेंगा ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात साधारण तीन मिनिटं बुडवायच्या. शेंगेतलं जीवन थांबतं आणि विकराला साखरेची गाठ सोडायला वाट मिळते. मग त्या गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून, घाम सुटू देत, दुपारी काही तास उन्हात आणि रात्री पुन्हा घोंगडीत, असं आठ-दहा दिवस करायचं. शेंगा तपकिरी, सुरकुतलेल्या, लवचीक होतात. नंतर सावलीत काही आठवडे, आणि शेवटी बंद डब्यात दोन-तीन महिने. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो तयार शेंग होते. दमट प्रदेशात या टप्प्यावर बुरशीचा फार त्रास असतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चचं फूल नोव्हेंबर-डिसेंबरात काढणीला येतं. तेव्हा ऊन कोरडं असतं आणि घोंगड्या तशाही बाहेर निघालेल्या असतात. डबा मात्र आठवड्यातून एकदा उघडून पाहावा. एखाद्या शेंगेवर पांढरी लव दिसली तर ती लगेच वेगळी काढावी, नाहीतर सगळा डबा जातो.