किडनी दुखत नाही, म्हणून ती ठीक आहे?

मंडळी, शुगर असलेल्या कुणालाही विचारा, "शुगरमुळे किडनी खराब होते, माहीत आहे ना?" हो म्हणतील. मग विचारा, "तुमची होईल का?" इथे सूर बदलतो. "माझी शुगर थोडीशीच आहे." "आम्ही दर्यावर घाम गाळणारी माणसं." "लघवी तर साफ होते."

माहिती आहे, पण ती आपल्याला लागू आहे असं वाटत नाही. हे वाटणं मोजताही येतं. 1950च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाची एक्स-रे तपासणी फुकट होती, तरी लोक येत नव्हते. का येत नाहीत, हे शोधताना तिथल्या सरकारी आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी विचारायच्या गोष्टी ठरवल्या. हा आजार मला होईल असं वाटतं का? झाला तर किती वाईट? तपासणीचा उपयोग होईल का? आणि आड काय येतं? आज शुगरच्या रुग्णांना किडनीबद्दल हेच विचारतात. 'पूर्ण पटतं' ते 'अजिबात पटत नाही' यातलं एक उत्तर निवडायचं आणि त्याचे गुण मांडायचे.

आपल्या भागात यातला शेवटचा प्रश्न मोठा. अणशीच्या माणसाला नीट तपासणी करायची तर वर जोयड्याला जा, नाहीतर घाट उतरून कद्र्यावरून कारवार गाठा. दिवस मोडतो, मजुरी बुडते. कारवारच्या बंदरावरच्या खलाशाला दवाखाना जवळ आहे, पण तो पहाटे बोटीवर असतो.

दुसरं, शेजारच्या काणकोणात शुगर नसलेल्यांनाही किडनीचा आजार झाला, आणि तिथल्या पाण्याचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे "किडनी पाण्याने जाते, शुगरने नव्हे" असं इकडे सहज बोललं जातं. काणकोणचं दुखणं खरंच आहे, पण शुगरवाल्याला त्यातून सुटका मिळत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. गोवा आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, आणि ताटही फारसं वेगळं नाही.

तिसरी समजूत सगळ्यात घातक. "शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते." म्हणून माणूस गोळी आपल्या मनाने सोडतो, आणि जाळी ओढून कंबर धरली की दुखीची गोळी मात्र दुकानातून आणून गिळतो. खरं तर उलटं आहे. वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी किडनीच्या बारीक गाळण्या खराब करतात. डायक्लोफेनॅकसारख्या दुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्या, त्यातून उन्हात पाणी कमी प्यायलं, तर किडनीवर आणखी मार बसतो. आधीच किडनी कमजोर असेल तर शुगरच्या काही गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, पण ते डॉक्टर ठरवतात.

बोटमालकांना समजेल असं सांगतो. डिझेलचा फिल्टर तुंबला की इंजिन धापा टाकतं, आवाज देतं. किडनी तसा आवाज देत नाही. बरीच ताकद गेली तरी लघवी होत राहते, दुखतही नाही. पायाला सूज, धाप, मळमळ हे बहुधा उशिरा येतं. त्या टप्प्यावर डायलिसिस म्हणजे सहसा आठवड्यात दोन-तीन वेळा, दर वेळी चारेक तास. दारिद्र्यरेषेखालच्यांना 2016च्या केंद्राच्या योजनेत ते जिल्हा रुग्णालयांत मोफत आहे, पण खेप आणि बुडालेला रोज आपल्याच खिशातून.

लवकर कळतं ते लघवीतल्या अल्ब्युमिनवरून. तपासणीचं नाव अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. 30च्या वर आलं तर पुन्हा तपासून खात्री करायची. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला जीएफआर, आणि बीपी. शुगर असलेल्याने हे वर्षातून एकदा करायचं. नुसती उपाशीपोटीची शुगर पाहून किडनी कळत नाही. या टप्प्यात सापडलं तर बीपीच्या काही गोळ्या किडनीलाही जपतात, आणि जेवणात मीठ कमी करावं लागतं. म्हणजे रोजचा खारा बांगडा आणि सुकटसुद्धा. हे ऐकून घरोघरी तोंडं वाकडी होणार, आम्हाला ठाऊक आहे.

1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्याला असतात. इंजिन खोलायचं, जाळी विणायची, त्यातलाच एक दिवस यासाठी काढा. जाताना घरच्या बाईलाही सोबत न्या. मासळी विकायच्या गडबडीत तिची शुगर बहुतेक घरांत कुणी तपासलेलीच नसते.